येस म्हणजे नव्हतं

काशीनाथने कागदावर चारच शब्द लिहिले होते. स्टुडंट रीडिंग फ्रॉम हँड. विद्यार्थिनी हातावरून वाचत आहे. मंगळवारी दुपारी अडीच वाजता लिहिले, खाली सही केली, वेळ टाकली. आणि गुरुवारी सकाळी त्याच चार शब्दांवरून चौकशी लागली, साक्षीला त्यालाच बोलावलं.

कॉलेज पश्चिम सिडनीतलं, ब्लॅकटाउनवरून बसने वीस मिनिटांवर. तिथे नर्सिंगची पदवी मिळते. या वर्गातली बहुतेक माणसं चीनमधून आलेली आणि वयाने चांगली मोठी, कुणी पस्तिशीचं, कुणी पन्नाशीला टेकलेलं. आपल्या देशात वीस वीस वर्षं हॉस्पिटलात राबलेली. इथे शेवटच्या वर्षी हॉस्पिटलात पाठवण्याआधी त्यांची इंग्रजी वाचनाची परीक्षा होते. वाचता येतं का, एवढंच नाही, वाचलेलं समजतं का, ते मोजायचं. तीन उतारे, चाळीस प्रश्न, सत्तर मिनिटं. अठ्ठावीस बरोबर आले तर पुढे, नाहीतर मागे. तीनदा बसता येतं. चौथ्यांदा दार बंद.

काशीनाथ तिथे परीक्षेचा सुपरवायझर. ओळखपत्रावरचा चेहरा आणि समोरचा चेहरा जुळवायचा, पेनं वाटायची, रांगांमधून सावकाश फिरायचं. त्याला इंग्रजी वाचायला वेळ लागे, पण त्या कामात घाई नकोच होती. तीन वर्षांत त्याच्याकडून एक चूक झाली नव्हती. गळ्यातल्या पट्टीला लटकणाऱ्या कार्डावर SUPERVISOR ही दहा अक्षरं होती आणि ती त्याची त्याला वाचता येत होती. ज्याला हे सोपं वाटतं, त्याने तेहतिसाव्या वर्षी पहिल्यांदा पाटी हातात घेऊन बघावी.

तेहतीस वर्षांपर्यंत काशीनाथ अकोल्यात विटा वाहत होता. मग वस्तीतल्या विहारात प्रौढांचा वर्ग निघाला. पहिल्या दिवशी त्याने स्वतःचं नाव लिहिलं तेव्हा ‘का’चा काना पाटीबाहेर गेला होता. पण तो चिकट माणूस. दिवसभर विटा वाहताना डाव्या तळहातावर उजव्या बोटाने अक्षरं गिरवायचा. लिहायला येऊ लागलं तशी शाळेत शिपायाची नोकरी लागली. बोर्डाचे सीलबंद गठ्ठे त्याने वीस वर्षं खांद्यावरून वाहिले. परीक्षा म्हटली की त्याची पाठ आपोआप ताठ व्हायची. मुलगी क्षितिजा शिकून वेंटवर्थव्हिलला आली, मागून त्याला घेऊन आली, आणि इथेही त्याला परीक्षाच भेटली.

मंगळवारी अठरा जण बसले होते. तिसऱ्या रांगेत खिडकीपाशी छेन यूलान. सेहेचाळीस वर्षांची, बुटकी, केस कानाच्या वर कापलेले. तासाभराने काशीनाथ मागून येत होता तेव्हा त्याला दिसलं की बाई प्रश्नपत्रिकेकडे बघतच नाही. डावा हात मांडीवर, टेबलाच्या खाली, तळवा उघडा. बाई त्या तळव्याकडे बघते, ओळीवरून फिरवावं तसं त्यावर बोट फिरवते, मग वर बघते, पुन्हा तळव्याकडे. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा तर ओठही हलले.

काशीनाथच्या कानशिलात रक्त चढलं. शाळेत असताना त्याने अशा किती हातांना पकडून दिलं होतं! तळहातावर निळ्या शाईचे प्रसिद्ध राजे आणि त्यांच्या सनावळ्या. तो दोन पावलं पुढे गेला तशी बाईने दचकून मूठ मिटली आणि टिश्यूने तळवा पुसला. घाईघाईने, जोराने.

नियम असा की दिसलं ते लगेच लिहायचं. त्याने फॉर्म काढला आणि लिहिलं.

लीनाने परीक्षा संपल्यावर छेनचा हात बघितला. ही लीना पुण्याची, परीक्षेचा सगळा विभाग तिच्याकडे. हातावर काही नव्हतं, पण टिश्यूवर निळा डाग होता. तिने टिश्यू पारदर्शक पाकिटात घातला, छेनचा पेपर न तपासता वेगळ्या पाकिटात घातला आणि दोन्हींवर सही केली.

“काका, बरं झालं तुम्ही बघितलंत,” ती म्हणाली. मग आवाज खाली आला. “पण वाईट वाटतं हो. तिची तिसरी वेळ आहे.”

“मंग?”

“मग काय, कॉपी सिद्ध झाली की डिग्रीतूनच काढतात. डिग्री गेली की व्हिसा गेला. फर्स्ट इयरला असताना एकदा मला डंपलिंग्ज आणून दिले होते तिने. नो वरीज, नो वरीज करत असते सारखं.”

आपण खोटं लिहिलं नाही, असं काशीनाथने स्वतःला सांगितलं. बसमध्ये पुन्हा सांगितलं. घरी जेवताना तिसऱ्यांदा सांगावं लागलं, तेव्हा त्याचं त्यालाच कळलं की काहीतरी सलतंय.

बुधवारी संध्याकाळी क्षितिजाने विचारलं, “बाबा, तुम्ही अक्षरं बघितली का तिच्या हातावर?”

“हातात बघत होती. ओठ हलत होते.”

“ते नाही विचारलं. अक्षरं बघितली का?”

“तू वकील आहेस का?” तो खेकसला.

“बरं. उद्या नीट ऐकून उत्तर द्या म्हणजे झालं. नाहीतर डॉक्टरकडे केलंत तसं कराल.”

ती गोष्ट घरात वर्षभर चघळली जात होती. वेंटवर्थव्हिलच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, “छातीत दुखत नाही?” काशीनाथ म्हणाला, “येस.” पुन्हा विचारलं, “अजिबात दुखत नाही?” तो आणखी ठासून म्हणाला, “येस, येस.” पाच मिनिटांत त्याला उताणा झोपवून छातीवर वायरी लावल्या होत्या आणि क्षितिजा शिफ्ट सोडून धावत आली होती. आपल्या माणसाला कुणी ‘दुखत नाही ना’ विचारलं तर तो ‘हो’ म्हणतो. तुझं खरं आहे, नाही दुखत. इंग्रजीत मात्र येस म्हणजे दुखतंय.

गुरुवारी दहा वाजता दुसऱ्या मजल्यावरच्या छोट्या खोलीत चौघं बसली. टेबलाच्या पलीकडे ब्रॉनविन, असल्या चौकशा करणारी बाई, साठीची, चष्मा दोरीने गळ्यात. माणूस म्हणून वाईट नव्हती. आल्या आल्या तिने छेनसमोर पाण्याचा पेला ठेवला. तिच्या शेजारी लीना. मध्ये टेबलावर टिश्यूचं पाकीट, छेनच्या पेपरचं पाकीट आणि काशीनाथचा फॉर्म. छेनला सोबत एक माणूस आणायची मुभा होती. ती एकटीच आली होती. कुणाला सांगायची लाज वाटली असेल.

काशीनाथच्या हातात छापील पत्र होतं. त्यातली एक ओळ त्याने घरी चारदा वाचली होती. साक्षीदाराने विचारलं तेवढंच सांगावं.

ब्रॉनविन लॅपटॉप उघडून म्हणाली, “छेन, मी साधे प्रश्न विचारते. परीक्षेला येताना तुमच्या हातावर काही लिहिलेलं नव्हतं?”

“येस,” छेन म्हणाली.

ब्रॉनविनची बोटं थांबली. “म्हणजे होतं?”

“येस. नो. येस, नथिंग.” छेनचा चेहरा लाल झाला.

“गोंधळू नका. वेळ घ्या. हातावरून तुम्ही काही वाचलं नाही?”

छेनने श्वास घेतला. सरळ ब्रॉनविनच्या डोळ्यांत बघितलं आणि मान खाली हलवून ठामपणे म्हणाली, “येस.”

लॅपटॉपच्या कळा टकटकल्या. ब्रॉनविन लिहीत होती ते काशीनाथला उलट्या बाजूने दिसत नव्हतं, पण लीनाने ते वाचलं आणि डोळे मिटले, तेवढ्यावरून त्याला कळलं. बाईने कबूल केलं, असं लिहिलं होतं.

पण काशीनाथला तो येस बरोबर ऐकू आला होता. मान कशी हलली, नजर कशी सरळ होती. चोर असा येस म्हणत नाही. हो, तुझं खरं आहे, नाही वाचलं, असं म्हणत होती ती. छातीवरच्या वायरींचा गारवा त्याला पुन्हा जाणवला.

“मिस्टर काशीनाथ, हे तुमचं अक्षर?” ब्रॉनविनने फॉर्म पुढे सरकवला.

“येस.” हा येस तो जपून बोलला.

“यात लिहिलंय ते बरोबर आहे?”

आता एक येस म्हटलं की काम संपत होतं. घरी जाता आलं असतं. तिने कबूल केलंच होतं, त्यात त्याचं काय जात होतं? खोलीतला एसी घरघरत होता. छेन त्याच्याकडे बघत होती. तिच्या नजरेत राग नव्हता, तेच वाईट होतं. दाव्याला बांधलेलं जनावर बघतं तशी बघत होती.

“मॅडम,” तो म्हणाला, “मी हिला एक प्रश्न विचारू?”

“अशी पद्धत नाही.”

“काका, नको,” लीना मराठीत पुटपुटली.

“एकच. परीक्षेचा नाही.”

ब्रॉनविनने चष्मा काढून त्याच्याकडे बघितलं. मग हाताने खूण केली, विचारा.

काशीनाथ छेनकडे वळला. आपल्या मोडक्या इंग्रजीत त्याने विचारलं, “आज रविवार नाही?”

“येस,” छेन पटकन म्हणाली.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर गुरुवार होता.

“म्हणजे आज रविवार आहे?” ब्रॉनविनने सावकाश विचारलं.

“नो!” छेन बुचकळ्यात पडली. “थर्सडे. येस, नॉट संडे.”

“मॅडम, आमच्याकडे पण असंच,” काशीनाथ घाईघाईने म्हणाला. “तुम्ही विचारलं, ‘नव्हतं ना?’ ती म्हणते, ‘हो, नव्हतं.’ तिचा येस प्रश्नाला आहे. वस्तूला नाही.”

ब्रॉनविनच्या कपाळावरची आठी गेली नाही. तेव्हा लीना एकदम पुढे झुकली आणि इंग्रजीत म्हणाली, “काका, तुम्ही चिनी नाही?”

“येस,” काशीनाथ म्हणाला. बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली.

लीनाला हसू आवरेना. ब्रॉनविनचाही ओठ जरासा हलला, पण तिने लगेच आवरला. तिने लॅपटॉपवरची एक ओळ पुसली. टक, टक, टक, टक. काशीनाथने प्रत्येक टक मोजला.

“ठीक. आजच्या उत्तरांचं समजलं,” ती म्हणाली. “पण मंगळवारचं काय? तुमच्या फॉर्मवर रीडिंग लिहिलंय. रीडिंग म्हणजे तिथे काहीतरी लिहिलेलं असणार. टिश्यूवर शाई आहे. तुम्ही तिच्या हातावर अक्षरं बघितलीत?”

क्षितिजाने विचारलेला प्रश्न. तोच.

“नो,” काशीनाथ म्हणाला. मग नीट, पुन्हा म्हणाला, “नो लेटर्स. अक्षरं नाही बघितली.”

“मग रीडिंग का लिहिलंत?”

त्याचे कान तापले. खरं सांगितलं तर गळ्यातली पट्टी जाणार. न सांगितलं तर समोरची बाई जाणार. पेला हातात नसूनही त्याला काहीतरी सांडतंय असं वाटत होतं.

“मला लिहायचं होतं, हाताकडे बघते,” तो शेवटी म्हणाला. “त्या शब्दाचं स्पेलिंग मला तेव्हा आठवलं नाही. समोर प्रश्नपत्रिका होती. तिच्यावर मोठ्या अक्षरात छापलेलं होतं, रीडिंग टेस्ट. मी त्यातला रीडिंग बघून लिहिला.”

लीनाने तोंडावर हात ठेवला.

“कॉपी मी केली, मॅडम,” काशीनाथ म्हणाला. “हिने नाही.”

ब्रॉनविनने कोरा फॉर्म काढून त्याच्यापुढे ठेवला. “तर मग खरंच दिसलं ते आता लिहा. तुमच्या शब्दांत. कुणी मदत करायची नाही.”

त्याने कॉलेजचं पेन घेतलं. तीन माणसं बघत असताना लिहिणं म्हणजे विहारातला तो पहिला दिवसच. पहिले दोन शब्द आले. मूव्हिंग फिंगर. मग ‘ऑन’. मग तळव्याला लागणारा इंग्रजी शब्द, पाम. त्यात एक अक्षर असं आहे की ते लिहितात पण बोलत नाहीत, हे त्याला ठाऊक होतं. कोणतं, ते आठवेना. त्याने पेन खाली ठेवलं. डावा हात उघडला आणि उजव्या बोटाने तळव्यावर गिरवू लागला. पी. ए. ओठ हलत होते. पुसल्यासारखं करून पुन्हा पी. ए. एल—

“सेम!” छेन ओरडली. खुर्ची मागे सरकली. “सेम! सेम!”

काशीनाथने दचकून मूठ मिटली. अगदी तिने मिटली होती तशी.

छेन आपला तळवा ब्रॉनविनसमोर धरून बोलू लागली. इंग्रजी अडखळत होतं पण आता थांबत नव्हतं. उताऱ्यात एक शब्द होता, रिलक्टंट. पाठ केलेला, पण अर्थ जिभेवर येईना. त्यांच्याकडे लहानपणापासून सवय असते, शब्द आठवेना की तळव्यावर बोटाने त्याचं चिनी अक्षर काढून बघायचं. डोकं विसरतं, बोट विसरत नाही. तिने तीनदा काढलं, तिसऱ्यांदा अर्थ आला. मन नसताना, ओढूनताणून.

“मग पुसलं का?” ब्रॉनविनने विचारलं.

“घाम,” छेन म्हणाली. “ते मागे उभे राहिले. मी घाबरले.”

“आणि शाई?”

लीनाने काशीनाथचा हात धरून टेबलावर उताणा ठेवला. आत्ताच धरलेल्या पेनाची निळाई अंगठ्याला आणि दोन बोटांना लागली होती. “ही पेनं आपणच वाटतो,” ती म्हणाली. “गळतात. मी दोनदा मेल केला आहे.”

ब्रॉनविनने त्या बोटांकडे बघितलं, टिश्यूकडे बघितलं, आणि दोन्ही पाकिटं आणि जुना फॉर्म घेऊन बाहेर गेली. वरिष्ठांना विचारल्याशिवाय निर्णय देता येत नव्हता.

बारा मिनिटं लागली. छेनने पाण्याला हात लावला नाही. काशीनाथने अर्धवट राहिलेला फॉर्म पूर्ण केला. पाममधला एल जागेवर बसवला. एकदा लीना मराठीत म्हणाली, “काका, तुमचं काय होईल सांगता येत नाही हां.” तो म्हणाला, “होऊ दे.” पण हात पट्टीकडे गेलाच.

ब्रॉनविन उभ्या उभ्याच बोलली. आरोप मागे. पेपर आत्ताच तपासायचा, लीनाने आणि दुसऱ्या एका शिक्षिकेने, स्वतंत्रपणे. पुन्हा वाट बघणं आलं. आरोप गेला तरी अठ्ठावीस यायलाच हवे होते. ही तिसरी वेळ होती, आणि सत्तर मिनिटांतली शेवटची दहा तिने मूठ आवळून, पाठीमागे उभ्या असलेल्या माणसाच्या धाकात काढली होती. तो माणूस आता तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसून दाराच्या काचेकडे बघत होता.

लीना आली. चेहऱ्यावर काहीच दाखवायचं नाही, असं तिने ठरवलं असावं, पण जमलं नाही.

“एकोणतीस,” ती म्हणाली.

छेनने दोन्ही तळवे चेहऱ्यावर दाबून धरले आणि तशीच बसून राहिली.

काशीनाथचाही निकाल लागला. ब्रॉनविनने तो नीट समजावून सांगितला, सोप्या शब्दांत, नकार न वापरता. यापुढे त्याने ओळखपत्रं तपासावीत, पेनं वाटावीत. फॉर्म दुसरं कुणीतरी लिहील. कार्डावरचा शब्दही बदलेल. तो “ओके” म्हणाला. पट्टी काढून लीनाच्या हातात देताना त्याने त्या दहा अक्षरांवरून एकदा अंगठा फिरवला. निळा डाग राहिला.

बसथांब्यावर छेन आधीच उभी होती. ऊन कडक होतं, दोघंही खांबाच्या चिंचोळ्या सावलीत एकामागे एक उभी राहिली. काशीनाथला माफी मागायची होती. शब्द त्याने मनात दोनदा जुळवले आणि नको तसे निघाले.

“तुम्ही माझ्यावर रागावला नाहीत?”

“येस,” छेन म्हणाली.

काशीनाथ तिच्याकडे बघत राहिला. हा येस आता तिच्याकडचा, की सकाळपासून शिकलेला इंग्रजीतला?

तिला त्याचा चेहरा कळला. “नॉट अँग्री,” ती म्हणाली. मग जरा विचार करून, अंगठा आणि बोट यांच्यात चिमूटभर जागा ठेवून तिने ती त्याला दाखवली. “लिटल अँग्री. दोन दिवस मी बॅग भरत होते.”

“येस,” काशीनाथ म्हणाला.

बस आली. तिने त्याला आधी चढू दिलं.